आज २३ जुलै : टिळक जयंतीच्या गर्दीत दरवर्षी राहून जाणाऱ्या एक डॉक्टरीणबाई

रेघोटी (धागाकर्ती)

शाळेत आज टिळक जयंतीची भाषणं होती आणि परीक्षक मी. चौदा मुलं बोलली, त्यातली अकरा शेंगांच्या टरफलांवर. उरलेल्या तिघांनी 'सिंहगर्जना' केली. टिळकांचं मोठेपण मान्यच आहे, पण तेवढ्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना कृष्णधवल फोटो आला. नेताजी सैनिक मुलींच्या रांगेची पाहणी करताहेत आणि शेजारी गणवेशातली एक तरुणी ताठ उभी. खाली लिहिलेलं, 'ओळखा पाहू कोण?' सहकाऱ्यांपैकी एकाने उत्तर दिलं, 'झाशीची राणी'. हसावं की रडावं.

त्या कॅप्टन लक्ष्मी सहगल, आझाद हिंद सेनेतल्या माजी सैनिक. २३ जुलै २०१२ ला कानपूरला गेल्या, वय ९७. हा फोटो मीही लहानपणापासून बघत आलेय आणि माझीही समजूत अशीच होती की त्यांची गोष्ट फोटोपाशी सुरू होते आणि फोटोपाशीच संपते. आज घरी येऊन साधा हिशेब मांडला. आझाद हिंद सेनेत त्या आल्या जुलै १९४३ मध्ये, ब्रिटिशांनी ब्रह्मदेशात पकडलं मे १९४५ मध्ये. म्हणजे दोन वर्षंसुद्धा नीट भरत नाहीत. कानपूरला बाईंनी दवाखाना चालवला तो १९४७ पासून थेट नव्वदी ओलांडेपर्यंत. आपण फोटो फिरवतो तो दोन वर्षांचा.

थोडक्यात माहिती, ज्यांना नाही त्यांच्यासाठी. जन्म २४ ऑक्टोबर १९१४, मद्रास. वडील हायकोर्टातले फौजदारी वकील, आई अम्मू स्वामिनाथन पुढे घटना समितीच्या सदस्य. नर्तिका मृणालिनी साराभाई ही सख्खी धाकटी बहीण. १९३८ ला एमबीबीएस, मग स्त्रीरोग आणि प्रसूतीची पदविका. १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या आणि तिथे गरीब हिंदी मजुरांसाठी दवाखाना काढला. नेताजी आले, कित्येक तास बोलणं झालं आणि बाईंनी दवाखाना बंद करून राणी झाशी रेजिमेंट उभी केली. आझाद हिंद सरकारच्या मंत्रिमंडळातही त्या होत्या. मार्च १९४६ मध्ये भारतात आणलं. मार्च १९४७ मध्ये लाहोरला प्रेम सहगल यांच्याशी लग्न. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यातले ते सहगल. 'लाल किले से आई आवाज, सहगल, ढिल्लों, शाहनवाज' मधले. त्यांना कानपूरच्या कापडगिरणीत नोकरी मिळाली आणि दोघं तिथेच राहिले.

फाळणीनंतर पाकिस्तानातून लोंढे यायला लागले तशी बाईंनी निर्वासितांना तपासायला सुरुवात केली. मला या टप्प्याबद्दल बोलायचंय. ज्यांना जे माहीत असेल ते लिहा. फक्त 'नमन' आणि हात जोडलेले स्मायली नकोत.

कट्ट्यावरचा

🙏 (राहवलं नाही. मारू नका.)

बिठूरवाला

रेघोटीताई, धागा आमच्या अंगणात आणलात!

मी मूळचा कानपूरचा. आमचे पूर्वज दुसऱ्या बाजीरावांबरोबर ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी अजून आहे, पण 'मी आली', 'मी गेली' वाली. पुण्याच्या मंडळींनी चुका काढू नयेत.

मला एक गोष्ट नेहमी गंमतीची वाटते. मनू तांबे, म्हणजे झाशीची राणी, वाढली ती बिठूरला, वडील मोरोपंत हे पेशव्यांच्या पदरी होते म्हणून. बिठूर कानपूरपासून पंचवीसेक किलोमीटर. आणि जिने त्या मनूच्या नावाची पलटण तिकडे सिंगापुरात उभी केली ती बाई आयुष्यभरासाठी येऊन बसली कानपुरातच. ठरवून कोणी केलं असतं तर नाटकी वाटलं असतं. गिरणीतली नोकरी निमित्त झाली.

आमच्याकडे पाहुणे आले की ब्रह्मावर्त घाट दाखवायचा, ती ब्रह्माची खुंटी दाखवायची, नानासाहेबांचं स्मारक दाखवायचं, हा ठरलेला कार्यक्रम. येताना शहरातून यायचं, पण इथे राणीच्या पलटणीची कप्तान रोज पेशंट तपासते हे पाहुण्यांना सांगायचं एकदाही कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. जिवंत माणूस प्रेक्षणीय स्थळात मोजत नाहीत आमच्याकडे.

निवृत्त_सुभेदार

लेख चांगला आहे पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग नको. 'माजी सैनिक' म्हणताना जरा जपून. मी सैन्याच्या सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. आझाद हिंदवाल्यांना स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यात परत घेतलं नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला, १९७२ पासून पेन्शन सुरू झाली, पण ती स्वातंत्र्यसैनिकाची. कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), रेजिमेंटच्या वार्षिक मेळाव्याचं निमंत्रण यातलं काही नाही. आमच्या लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनघरात, जुने लोक यावर दोन्ही बाजूंनी भांडायचे. एक म्हणायचा, शपथ मोडली. दुसरा म्हणायचा, शपथ कोणाची, इंग्रजाची ना? डाळ गार व्हायची.

रेघोटी

सुभेदारसाहेब, नियम तुम्ही म्हणता तोच. पण त्या तर ब्रिटिश सैन्यात कधीच नव्हत्या, डॉक्टर होत्या. मोडायला शपथच नव्हती. आणि रेजिमेंटमधल्या बहुतेक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या लेकी. त्यांनी भारत बघितलाही नव्हता.

निवृत्त_सुभेदार

हे मान्य. हा मुद्दा आमच्या लंगरमध्ये कोणी काढला नव्हता.

पेनांगची_पाहुणी

वरच्या रबराच्या मळ्यांवरून लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं मलेशियात, आता सिंगापुरात. इकडे मळे अजून आहेत, बरेचसे आता तेलताडाचे झाले. रबराचं झाड पहाटे कापतात, ऊन चढलं की चीक वाहायचा थांबतो. म्हणजे बायांनी अंधारात उठायचं, कंदील कपाळाला बांधायचा आणि झाडागणिक वाटी लावत जायचं. ज्यांचं सगळं जग त्या वाट्यांच्या रांगेएवढं, त्या मुलींना कोणीतरी येऊन विचारलं की बंदूक धराल का. 'हो' म्हणण्यात देशभक्ती किती आणि मळ्यातून सुटका किती, कोण सांगणार. दोन्ही असेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

सिंगापुरात एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये ब्रिटिशांनी परत येताच उडवून दिलं. आता तिथे पाटी आहे. माहेरची माणसं आली की नेते. पाच मिनिटं थांबतात, मग मर्लायनच्या पुतळ्याकडे.

एक भर घालते. कॅप्टन लक्ष्मींच्या या मुली पुढे इकडेही कामाला लागल्या. जानकी अथी नहप्पन, रेजिमेंटमध्ये त्यांच्यानंतरचं नाव, मलेशियन इंडियन काँग्रेसच्या स्थापनेत होत्या. २००० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, २०१४ ला वारल्या. रसम्मा भूपालन शिक्षिका झाल्या आणि शिक्षिकांना पुरुषांएवढा पगार मिळावा म्हणून मलेशियात लढल्या. पलटणीतून आलेल्या बायांनी इकडे शाळा, युनियन, सभा हेच केलं.

तिरसट

सगळं ठीक. पण एवढी देशभक्त बाई शेवटी कम्युनिस्टांकडे का गेली हे कोणी लिहिणार आहे का? महायुद्धात त्यांच्या पक्षाने नेताजींना काय काय म्हटलं होतं, कसली व्यंगचित्रं छापली होती ते काढू का इथे?

कट्ट्यावरचा

आला. धाग्याची शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

रेघोटी

तिरसटराव, काढा की. त्या काळी पक्षाने नेताजींना नाही नाही ते म्हटलं हे खरंच आहे, आणि ती चूक होती असं कम्युनिस्ट नेते ज्योती बसूंनी पुढे जाहीरपणे मान्य केलं हेही खरं आहे. लक्ष्मीबाई पक्षात गेल्या त्या १९७१ साली, म्हणजे वयाच्या छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी. त्याआधी पूर्व पाकिस्तानातून निर्वासित येत होते, तेव्हा बसूंनी डॉक्टरांना हाक दिली. या कानपूरहून उठून सीमेवर बनगावला गेल्या आणि काही आठवडे छावणीत औषधपाणी करत राहिल्या. नंतर पक्ष. म्हणजे आधी छावणी, मग सभासदत्व. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तुम्हाला पक्ष आवडत नसेल तर नका आवडू, मलाही त्यांचं सगळं पटत नाही. १९९६ ला बंगळुरूच्या मिस वर्ल्डविरुद्ध आंदोलनात ब्याऐंशीव्या वर्षी अटक करून घेतली, त्यावर माझी लेक म्हणाली, 'आजी, एवढं काय!' पण राजकारण पटत नाही म्हणून साठ वर्षांचा दवाखाना पुसून टाकायचा का?

तिरसट

दवाखाना पुसा असं मी म्हटलेलं नाही.

रेघोटी

मग झालं तर.

डॉ_सुई

उशिरा आले, ओपीडी होती.

मला १९८४ बद्दल लिहायचंय. २४ ऑक्टोबर १९८४ ला बाईंना सत्तर पूर्ण झाली. आपल्याकडे सत्तरीला भैमरथी शांत करतात. गुरुजी येतात, अंगावर शाल पडते, नातवंडं तुळा करायचा हट्ट धरतात. बाईंचं काय झालं? बरोबर आठवड्याने, ३१ तारखेला, इंदिराजींची हत्या. कानपुरात शिखांवर हल्ले सुरू झाले. बाई रस्त्यावर उतरल्या, जमावासमोर उभ्या राहिल्या आणि दवाखान्याच्या आसपासच्या गजबजलेल्या वस्तीत एकाही शिखाला किंवा त्याच्या दुकानाला हात लावू दिला नाही. लग्न करून ज्या घरात आल्या ते घर लाहोरचं, पंजाबी. त्यांनी ४७ चे निर्वासित स्वतः तपासलेले. परत तेच डोळ्यांपुढे येऊ द्यायचं नसावं, हा माझा अंदाज.

आणि मग २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळ. बाई वैद्यकीय पथक घेऊन तिकडे. सत्तरीनंतरचे पहिले सहा आठवडे असे गेले.

भोपाळला बाई गेल्या याचं मोल डॉक्टर म्हणून सांगते. विषबाधेत सगळ्यांचं लक्ष फुप्फुसं आणि डोळे यांच्याकडे असतं. माणूस धापा टाकतोय, डोळे उघडत नाहीत, ते समोर दिसतं. पोटुशी बाई खोकत खोकत रांगेत उभी असते, तिला खोकल्याचं औषध मिळतं आणि पोटातल्याचं काय हे विचारायला कोणाला वेळ नसतो. प्रसूतीच्या डॉक्टरचा हात आधी तिकडे जातो. गरोदर बायांवर वायूचे पुढे काय परिणाम झाले यावर त्यांनी नंतर लिहिलंही.

अवांतर : आमच्या लाईनीत रिटायरमेंट नाही म्हणतात, ते खोटं आहे. पासष्टीनंतर हात थरथरतो, रात्रीचा फोन नकोसा होतो, नवीन औषधांची नावं लक्षात राहत नाहीत. मी बावन्न वर्षांची आहे आणि गुरुवारी दवाखाना बंद ठेवायला लागले. ब्याण्णवाव्या वर्षी रोज सकाळी खुर्चीत जाऊन बसायचं म्हणजे काय हे मला हल्ली जास्त कळतं.

तळकोकण

बायो, ह्या सगळ्यात आमच्या सावंतवाडीकडल्या माणसाचा नाव कोणी घेणा नाय म्हणान लिवतंय. जनरल जगन्नाथराव भोसले. आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ. (आता प्रमाण भाषेत येतो, नाहीतर संपादक ओरडतील.) स्वातंत्र्यानंतर त्यांनाही सैन्यात जागा नव्हतीच. १९५२ ला लोकसभेवर निवडून गेले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि १९५४ मध्ये दिल्लीत निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, गाणी, स्वच्छता, खेळ. फाळणीत सगळं गमावलेली, रस्त्यावर वाढणारी पोरं. त्यांना रांगेत उभं करायचं आणि नावाने हाक मारायची. पुढे ती योजना शाळाशाळांत गेली.

म्हणजे बघा, सरसेनापतीच्या खालोखालचा माणूस निर्वासितांच्या पोरांची कवायत घेतोय आणि राणी पलटणीची कप्तान निर्वासित बायांची बाळंतपणं करतेय. सैन्याने घेतलं नाही, तर हे दोघं फाळणीच्या लोंढ्यात शिरले.

बिठूरवाला

वा! भोसल्यांचं हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

रानोमाळ

मी २००४ ते २००८ कानपूर आयआयटीत होतो. कॅम्पस कल्याणपूरला, शहराच्या बाहेर. रविवारी शहरात जायचो ते पिक्चर बघायला आणि ठग्गू के लड्डू खायला. २००२ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक मला चांगली आठवते, मी अकरावीत होतो. घरातले सगळे कलामसाहेबांच्या बाजूने आणि मी तर वहीवर त्यांचा फोटो चिकटवलेला. समोर 'कोणीतरी म्हातारी' उभी आहे एवढंच कानावर होतं. आमच्या वर्गात तिच्यावर विनोद झाले. कलामांना नऊ लाख बावीस हजारांवर मतमूल्य, तिला एक लाख सात हजार. हरणारच होती आणि तिलाही ते ठाऊक होतं.

चार वर्षं त्याच शहरात होतो. ती कोणीतरी म्हातारी तेव्हा रोज पेशंट बघत होती. हॉस्टेलवर ताप यायचा तेव्हा कॅम्पसच्या डिस्पेन्सरीत रांग लावायचो. मला कधी वाटलंच नाही की जाऊन एकदा बघावं. कारण देता येत नाही. २०१२ मध्ये पुण्यात ऑफिसात बातमी वाचली आणि डबा अर्धा तसाच राहिला. हे लिहायचंच होतं कुठेतरी.

डॉ_सुई

रानोमाळ, कलामांच्या बाजूचे आम्ही सगळेच होतो. त्यात लाज कसली.

निवृत्त_सुभेदार

परत येतोय. मघाशी 'माजी सैनिक म्हणू नका' असं लिहून गेलो आणि तेव्हापासून मनात घोळत राहिलं.

निवृत्तीनंतर मी तालुक्याला आठवड्यातून दोन दिवस बसतो. वीरपत्नी आणि म्हाताऱ्या फौजींच्या विधवा येतात, त्यांचे पेन्शनचे कागद बघतो. कोणी सांगितलं नाही, पगार नाही. काम काय म्हणाल तर स्पेलिंग दुरुस्त करणं. पेन्शनच्या हुकमात नाव एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. १९६८ ला कुठल्या कारकुनाने 'द्वारकाबाई' ऐकून काय टाइप केलं असेल देव जाणे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची गर्दी. मशीनवर अंगठा लागत नाही, कारण आयुष्यभर भांडी घासून आणि खुरपणी करून रेषाच राहिलेल्या नाहीत. मग अंगठा पुसायचा, जरा तेल लावायचं, परत पुसायचा, दुसरं बोट बघायचं. परवा एका आजींचं सातव्या बोटाला लागलं. मशीन पीक करून वाजलं तेव्हा सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

हे करताना माझ्या अंगावर गणवेश नसतो आणि मी सुभेदार होतो हे निम्म्या जणींना माहीतही नाही. 'कागदवाले भाऊ' म्हणतात. आज धागा वाचून वाटलं, कानपुरात त्या रांगेत बसलेल्या कितीतरी बायांना ही कॅप्टन आहे हे ठाऊक नसेल. त्यांच्यासाठी ती डॉक्टरीण. म्हणून मघाचं वाक्य मागे घेत नाही, नियम तोच आहे, पण आता त्याने मला फरक पडत नाही.

पेनांगची_पाहुणी

सुभेदारकाका, सातव्या बोटाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कट्ट्यावरचा

मीही पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

माझी एक शंका. बाई एवढ्या मोठ्या घरच्या, आई खासदार, बहीण जगप्रसिद्ध. हे गरिबांचं वेड कुठून आलं?

रेघोटी

त्या स्वतः एक आठवण सांगायच्या. आजोळ मलबारकडचं, मोठं घर. आसपासच्या जंगलातून आदिवासींच्या हाका ऐकू यायच्या आणि आजी म्हणायची, त्यांची सावलीसुद्धा विटाळाची. छोटी लक्ष्मी एक दिवस सरळ त्यातल्या एका मुलीकडे गेली, हात धरला आणि खेळायला घेऊन आली. आजी भयंकर संतापली. मुलगी हटली नाही.

यावरून 'बाळाचे पाय पाळण्यात' वगैरे म्हणायचा मोह होतो, पण असं धाडस पुष्कळ मुलं करतात, मग मोठी होऊन आजीसारखीच होतात.

तिरसट

हे वाक्य आवडलं. (हो, मीच.)

डॉ_सुई

शेवट कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. १९ जुलै २०१२ ला हृदयविकाराचा झटका, २३ ला गेल्या. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे कानपूरच्या गणेश शंकर विद्यार्थी मेडिकल कॉलेजला दिला.

पहिल्या वर्षी आम्ही डिसेक्शन हॉलमध्ये गेलो तो दिवस अजून नाकात आहे. फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, वाटतं आपण रडतोय, पण ते रडू नसतं. आमच्या टेबलावर एक आजी होत्या. नाव सांगत नाहीत, विचारायचंही नसतं. हातावर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि दोन ठिपके. आम्ही दहा जण वर्षभर त्यांच्याकडून शिकलो. मज्जातंतू कुठून जातो, धमनी कुठे फुटते, सगळं त्यांनी दाखवलं. परीक्षेत मला हाताचाच प्रश्न आला आणि उत्तर लिहिताना डोळ्यांपुढे ते गोंदण.

बाईंनी शेवटची ओपीडीसुद्धा विद्यार्थ्यांनाच दिली म्हणा.

रानोमाळ

देहदानाचं नक्की काय करावं लागतं? आई दोन वर्षं म्हणतेय, मी टाळतोय.

डॉ_सुई

जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो. तिची सही, साक्षीदारांच्या सह्या. पण खरी मेख पुढे आहे : फॉर्म भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं. मृत्यूनंतर वेळ फार नसतो, काही तासांत न्यावं लागतं, डॉक्टरांचा दाखला हवा. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह घेत नाहीत. नेत्रदान आणि देहदान दोन्ही होऊ शकतं, डोळ्यांचं आधी बघायचं. फॉर्मची एक प्रत घरात सगळ्यांना दिसेल अशी ठेव. कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलेले फॉर्म तेराव्याला सापडतात.

रानोमाळ

बरं. रविवारी आईशी बोलतो.

निवृत्त_सुभेदार

मीही फॉर्म आणला होता. बायको सही करेना. म्हणते, कागद तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे भरलेत, माझ्या सहीची घाई कशाला.

रेघोटी

काकूंना माझा नमस्कार सांगा.

उद्या शाळेत तो फोटो छापून फळ्यावर लावणार आहे. शेजारी एक चौकट कोरी ठेवणार, कारण दवाखान्यातल्या लक्ष्मीबाईंचा चांगला फोटो मला अजून मिळालेला नाही. बिठूरवाले, कानपुरात कोणाकडे असेल तर बघाल का?

बिठूरवाला

बघतो ताई. पण आमच्याकडे कोणी डॉक्टरांचा फोटो काढून ठेवतं का? औषधाची चिठ्ठी मिळाली तर चालेल?

रेघोटी

पळेल.